ओले धान्य वर ठेवावे

मार्केट यार्डात कांदा वाहणारा आमचा जुना पिकअप मागच्या वर्षी बिघडला. हॉर्न दाबला की हेडलाईट मंद, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणे. बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, फरक नाही. शेवटी हैदराबाद रोडवरच्या एका उस्तादांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाला लावून सेल्फ मारायला सांगितला. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, तो एकाच्या पुढे गेला. इंजिन रबरावर बसलेले असते. करंट परत यायला चासीपर्यंत अर्थची पट्टी लागते. ती गंजली होती. पॉलिशपेपरने घासून बोल्ट कसला, गाडी सुधारली. "पट्टी बदला, पावसाळ्यात पुन्हा गंजेल," उस्ताद म्हणाले.

बदलली नाही. गाडी विकायलाच काढली. गिऱ्हाइकाने टायर पाहिले, रंग पाहिला. अर्थिंगचे विचारले नाही. न विचारलेले सांगावे काय?

1930 चा वस्तू विक्री कायदा पारखण्याचा भार बहुतांशी घेणाऱ्यावर टाकतो. फिकहमध्ये मात्र 'खियारे-ऐब' आहे: सौद्याआधीचा ऐब नंतर कळला, तर माल परत करण्याचा हक्क. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. पावसाचा दोष त्याच्या माथी कुणी मारलाच नव्हता. ओले धान्य वर का ठेवले नाही, एवढाच सवाल होता. आमची पट्टी तर वरून घासून चकचकीत!

मी सांगितले. गिऱ्हाईक हसले. "चाचा, एवढं सांगताय म्हणजे आणखी काय लपवलंय?"

दोन हजार कमी केले. भाईजान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.