आपल्या बागेचं पान

मोहर धरला की कोकणातल्या बागायतदाराच्या डोक्यात दोन हिशेब एकदम सुरू होतात, एक फवारणीचा आणि दुसरा विक्रीचा. पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे पाठवायच्या, की पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पोचवायच्या? थेट विकायचं ठरलं की वेबसाइट हवी, आणि ती आता मिनिटभरात होते. विक्स, हॉस्टिंगर, गोडॅडी, वर्डप्रेस डॉट कॉम, सगळ्यांकडे एआय बिल्डर आहे. तो विचारतो, व्यवसाय काय? आपण लिहितो, ‘देवगडला हापूसची बाग, घरपोच पेट्या.’ हातातला चहा संपायच्या आत पान तयार. रंग नेटके, मांडणी सुबक, फोटो झळझळीत.

त्या पानापाशी थोडं थांबावंसं वाटतं. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’, ‘निसर्गाची अस्सल चव’ असं त्यावर लिहिलेलं असतं. ही वाक्यं कुठल्याही बागेला लागू पडतात, म्हणून त्यांतून या बागेचं काहीच कळत नाही. फोटोतला आंबा आपल्या झाडाचा नसतो. आणि पुष्कळदा खाली ग्राहकांचे अभिप्रायही असतात, पाच चांदण्यांसह. नावं आहेत, चेहरे आहेत, माणसं नाहीत. यंत्राने जागा भरण्यासाठी ते नमुन्यादाखल ठेवलेले असतात, पण हंगामाच्या घाईत ते तसेच राहून जातात. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकू नयेत, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात. माझ्या मनाला मात्र नियमापेक्षा दुसरी गोष्ट अधिक लागते. भलताच आंबा हापूस म्हणून खपवला जातो, ही कोकणातल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे नावाचा खरेपणा राखायची हीच धडपड होती. ज्याने ती धडपड केली, त्याच्याच पानावर खोटी माणसं का राहावीत?

पेटी मागवणाऱ्याला काय विचारायचं असतं ते बागायतदाराला चांगलं ठाऊक आहे, कारण फोनवर ते रोज विचारलं जातं. आंबा झेल्याने उतरवता ना? पेंढ्याच्या अढीत पिकवता, की आणखी कशाने? कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, तरी ही शंका लोकांच्या मनातून जात नाही. पेटी चार डझनांची की पाच? फळ किती ग्रॅमचं? तयार येणार, की घरी चार दिवस ठेवायचं? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न साक्याचा. बाहेरून देखणा आंबा कापला की आत पांढरट, आंबट गर निघतो. तो बागायतदारालाही वरून दिसत नाही. मग ते फळ बदलून देणार का? किती देणार? ग्राहकाने फोटो पाठवला तर पुरे, की फळ परत पाठवायचं?

यातलं एकही उत्तर यंत्राजवळ नाही, कारण ते अजून घरातही ठरलेलं नसतं. साक्याचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही, आणि एकदा लिहिली की ती पाळावी लागते. वेबसाइट करण्यातलं खरं काम एवढंच आहे, असं मला मनापासून वाटतं. घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी बसून ही उत्तरं आपल्या बोलीत सांगावीत, कुणीतरी उतरवून घ्यावीत, आणि मग ती यंत्राला द्यावीत. मांडणीचं काम ते फार छान करतं. त्यासाठी ते जरूर वापरावं.

म्हणून बिल्डर निवडताना त्याने लिहिलेलं खोडून आपलं लिहिणं किती सोपं जातं, हे मी आधी पाहीन. ‘आजची तोड संपली, पुढच्या पेट्या सोमवारी’ एवढा बदल घरातल्या कुणालाही मोबाइलवरून करता यावा. मराठी जोडाक्षरं कुठेही न तुटता दिसावीत. पहिल्या वर्षाच्या स्वस्त दराबरोबर दुसऱ्या वर्षाचा दरही विचारून घ्यावा.

मग त्या बिल्डरमधून बाहेर पडायचा मार्ग काय, तेही पाहावं. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून लहान व्यावसायिकांना फुकट वेबसाइट करून दिल्या होत्या. त्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. जुना पत्ता काही काळ प्रोफाइलकडे वळवला जाई, जूनमध्ये तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पेटीच्या लेबलवर छापला होता, त्यांची लेबलं वाया गेली. विक्सवर केलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. वर्डप्रेसमधला मजकूर बाहेर काढून दुसरीकडे बसवता येतो. एवढ्यावरून विक्स टाळायचं कारण नाही, पण आत शिरण्याआधी हे माहीत असावं, आणि मजकूर व मूळ फोटो आपल्याजवळ वेगळे जपून ठेवावेत.

डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, बाबतीत मात्र मी हट्ट धरीन. ते बागेच्या सातबाऱ्यासारखं आपल्याच नावावर हवं. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या ईमेलवर ते नोंदलेलं असतं, पुढे तो मुलगा नोकरीसाठी दूर जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे पडून राहते आणि ऐन एप्रिलमध्ये पान उघडत नाही. खातं आपल्या ईमेलवर, आपल्या फोन नंबरावर उघडावं. त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाजवळ असावा, कारण तोडीच्या दिवसांत बागायतदार बागेत असतो आणि तिथे फोनला रेंज मिळेलच असं नाही.