परक्याचा आवाज
पुनरुत्थान काळातील चौथा रविवार
(योहान १०:१-१०)



आज आपण उत्तम मेंढपाळाचा रविवार साजरा करीत आहोत. धर्मगुरू व व्रतस्थ पाचारणासाठी आज मिस्सामध्ये आपण प्रार्थना करणारच आहोत. या पानावर मात्र शुभवर्तमानातील दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष देऊ या. प्रभू येशू आज आपल्याला चोर ओळखायला शिकवतो. चोर मेंढवाड्याच्या दाराने येत नाही, भलत्याच बाजूने चढून आत शिरतो. मेंढरे धन्याचा आवाज ओळखतात, परक्याचा आवाज आला की त्याच्यापासून लांब पळतात.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले आखातात, कॅनडात कामाला आहेत. काही तरुण मंडळी घरी बसून परदेशातील कामे करतात आणि त्यांचा मोबदला पेपालसारख्या खात्यांतून येतो. विजेचे बिल, किराणा, शाळेची फी आपण फोनवरून भरतो. पूर्वी पैसा कपाटात असे आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असे. आज ती किल्ली म्हणजे पासवर्ड आणि फोनवर येणारा ओटीपी. आजचा चोर कपाट फोडत नाही. तो आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो.

या चोरीला 'फिशिंग' म्हणतात. हा शब्द मासेमारीवरूनच आला आहे. गळाला लावलेले आमिष माशाला अन्नच वाटते, हे समुद्रकाठच्या माणसांना सांगायला नको.

एक ईमेल येतो. वर ओळखीच्या कंपनीचे किंवा बँकेचे चिन्ह असते. 'तुमच्या खात्यात संशयास्पद व्यवहार झाला आहे. २४ तासांत खालील लिंकवर माहिती न भरल्यास खाते बंद होईल.' कधी असा धाक असतो, तर कधी परताव्याची किंवा बक्षिसाची लालूच. लिंक दाबली की हुबेहूब खऱ्यासारखे पान उघडते. तेथे लिहिलेला पासवर्ड चोराकडे जातो. तो त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. आपल्या फोनवर खराखुरा ओटीपी येतो, खोटे पान तोही मागते, आणि दार आतून उघडले जाते.

ही युक्ती जुनीच आहे. २००० साली पेपालच्या नावाने असेच खोटे संकेतस्थळ निघाले होते. पेपालच्या इंग्रजी नावातले शेवटचे अक्षर लहान 'एल'. त्याच्या जागी मोठा 'आय' घातला होता. पडद्यावर दोन्ही अक्षरे उभ्या रेघेसारखीच दिसतात.

पवित्र शास्त्रात अशा फसवणुकीची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या इसहाकापुढे याकोब थोरल्या भावाचे, एसावाचे, कपडे घालून आणि हाताला करडांची कातडी गुंडाळून उभा राहतो. इसहाक भोळा नव्हता. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे त्याने विचारले. जवळ बोलावून हात चाचपले. हात एसावासारखे असले तरी आवाज याकोबाचा आहे, हेही त्याने ओळखले. तू खरोखर एसावच ना, असेही विचारले. मग चुकले कुठे? त्याने आपली प्रत्येक शंका समोर उभ्या असलेल्या फसवणाऱ्यालाच विचारली. तंबूतल्या दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही, एसावाच्या परतण्याची वाट पाहिली नाही. कानांनी खरे सांगितले होते, पण त्याने कपड्यांवर विश्वास ठेवला. दिलेला आशीर्वाद मग परत घेता आला नाही. इसहाक थरथर कापला आणि एसाव हंबरडा फोडून रडला.

बंधुभगिनींनो, ईमेलची खात्री करण्यासाठी त्याच ईमेलमधली लिंक दाबणे किंवा त्यातच दिलेल्या नंबरवर फोन करणे म्हणजे याकोबालाच 'तू एसाव ना?' असे विचारणे होय. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवू या.

१. दारानेच आत जाऊ या. बँकेचा किंवा पेपालचा निरोप आला, तर लिंक न दाबता पत्ता स्वतः टाईप करावा किंवा फोनमधले नेहमीचे ॲप उघडावे. निरोप खरा असेल तर बहुधा तेथेही दिसेल. बोलायचे असेल तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच बोलावे.

२. कपडे नव्हे, पत्ता पाहू या. चिन्ह आणि रंग कुणीही उचलू शकतो. भाषेतल्या चुकांवरून चोर ओळखण्याचे दिवसही गेले, कारण आता संगणक शुद्ध भाषा लिहून देतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या नावावर आणण्यास सांगितले. पत्त्यातील नाव त्यानेच संपते का, हे पाहावे. पत्ता खरा असला तरी सावध राहावे. चोरांनी पेपालच्याच सोयीतून खोटी बिले पाठवून त्यांत स्वतःचा फोन नंबर घातल्याचे प्रकार घडले आहेत.

३. घाईला थांबवू या. धाक आणि घाई हा परक्याचा आवाज आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी निरोप वाचून दाखवावा.

४. किल्ली कुणालाच देऊ नये. पासवर्ड, ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नये. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे देण्यासाठी असतो. आमच्या नावाने, म्हणजे धर्मगुरूंच्या नावाने, पैसे मागणारा ईमेल आला तर आधी धर्मग्राम कार्यालयात विचारावे.

तरीही कुणी फसला तर? येथे आपल्या ख्रिस्ती प्रेमाची कसोटी लागते. 'एवढा शिकलेला, आणि एवढेही कळले नाही?' असे आपण सहज बोलून जातो. ते ऐकून पुढचा फसलेला माणूस तोंड उघडत नाही. आई मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही, आणि त्या मौनात पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व सांगितले होते की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाज बाजूला ठेवून आधी बँकेला फोन करावा, लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि पासवर्ड बदलावेत. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची आशा जास्त. हरवलेले मेंढरू सापडल्यावर मेंढपाळ त्याला रागावला नाही, त्याने त्याला खांद्यावर घेतले. आपणही प्रथम खांदा देऊ या, शिकवण नंतर देता येईल.

आमच्या तरुणांना आणखी एक कळकळीचे सांगणे आहे. 'तुझे बँक खाते काही दिवस वापरू दे, कमिशन देतो', असे कुणी म्हणाले तर ते काम स्वीकारू नका. लुटलेला पैसा फिरवायला चोरांना अशीच खाती लागतात. 'मी कुणाला लुटले नाही, फक्त खाते दिले', हे उत्तर पोलिसांपुढे टिकत नाही आणि देवापुढेही टिकत नाही. सातवी आज्ञा चोराला जशी लागू आहे, तशी त्याला शिडी धरणाऱ्यालाही लागू आहे.

आज संध्याकाळी कुटुंबाची रोझरी झाल्यावर पाच मिनिटे द्यावीत. पासबुकावरील बँकेचा नंबर आणि १९३० हा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसेल असा लावावा. आणि एकमेकांना वचन द्यावे: या घरात कुणी फसले तर तो लपवणार नाही, आणि त्याला कुणी हसणार नाही.

हे प्रभो, उत्तम मेंढपाळा, तुझा आवाज ओळखणारे कान आम्हांला दे. परक्याच्या हाकेपासून आमच्या घरांचे रक्षण कर. जे फसले आहेत त्यांना धीर दे, आणि जे फसवतात त्यांची मने पालट. आमेन.