परिप्रश्न : गुरु-शिष्य-संबंधाचा प्राण

गीतेतील पहिला गुरु-शिष्य-संवाद कोणता, असे विचारले तर बहुतेक वाचक क्षणाचाही विलंब न लावता ‘श्रीकृष्ण आणि अर्जुन यांचा’ असे उत्तर देतील. ग्रंथ उघडून पाहिला म्हणजे मात्र निराळेच दिसते. पहिल्या अध्यायाच्या आरंभीच एक शिष्य आपल्या गुरूजवळ जातो. तो शिष्य दुर्योधन आणि ते गुरु द्रोणाचार्य होत. ज्यांनी धनुर्विद्या शिकविली त्या आचार्यांपाशी जाऊन दुर्योधन काय बोलतो? तो दोन्ही पक्षांकडील वीरांची नावे मोजतो. समोरचा व्यूह तुमच्याच बुद्धिमान शिष्याने रचला आहे, असा एक बोचरा टोमणा मारतो. शेवटी सर्वांनी भीष्मांचे रक्षण करावे, अशी आज्ञा देऊन मोकळा होतो. या साऱ्या भाषणात एकही प्रश्न नाही, आणि द्रोणाचार्यही एका शब्दाने उत्तर देत नाहीत. जो आवाज उठतो तो भीष्मांच्या शंखाचा.

त्यानंतर थोड्याच अवकाशाने दुसरा संवाद सुरू होतो. त्यातला शिष्यही द्रोणांच्याच हाताखाली वाढलेला. पण तो व्याकुळ आहे, त्याला आपले अज्ञान दिसू लागले आहे, आणि तो विचारतो. त्या विचारण्यातून सातशे श्लोकांची गीता प्रकट झाली. एका ठिकाणी गुरु आहे, शिष्य आहे, सान्निध्यही आहे. परंतु प्रश्न नाही, म्हणून विद्या नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न आला आणि त्याबरोबर सर्व काही आले. शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील नाते कशाने सजीव होते, याचा उलगडा या दोन चित्रांत झाला आहे, असे मला वाटते.

श्रीकृष्ण आणि अर्जुन यांचा संबंध काही त्या दिवशी जुळलेला नव्हता. अर्जुन हा भगवंतांचा आतेभाऊ, सुभद्रेमुळे मेहुणा आणि आयुष्यभराचा सखा. दोघांनी एकत्र भोजन केले, प्रवास केला, थट्टाविनोद केला. एवढ्या वर्षांच्या सहवासात भगवंतांनी त्याला गीता सांगितली नाही. दुसऱ्या अध्यायात ‘मी तुमचा शिष्य आहे, मला शिकवा’ असे अर्जुन ज्या क्षणी म्हणाला, त्या क्षणापासून नाते पालटले. आणि विशेष हे, की असे म्हणून होताच तो ‘मी लढणार नाही’ असेही सांगतो व गप्प बसतो! शिष्यत्व पत्करले, पण हट्ट सुटलेला नाही. अशा अर्धवट तयारीच्या शिष्यावर भगवंत रागावले नाहीत. संजय सांगतो की ते जणू हसत हसत बोलू लागले. गुरूच्या मुखावरील ते हास्य आपण सर्व अध्यापकांनी आणि आईबापांनी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

पुढे चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपल्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या साधनाचा महिमा पुष्कळ गायिला जातो. नमस्कार कसा करावा, गुरुगृही पाणी कसे भरावे, हे मुलांना सांगितले जाते. मधले साधन मात्र दोन थोरल्या भावांमध्ये बसलेल्या धाकट्यासारखे दुर्लक्षित राहते. मी अनुवादाचे काम करतो. या शब्दाचे भाषांतर करताना ‘नम्रपणे विचारलेला प्रश्न’ असे लिहून मी एकदा पुढे गेलो होतो. नंतर मन थबकले. नम्रता तर प्रणिपातात आलीच. मग ‘परि’ या उपसर्गाने अधिक काय सांगितले? परिसर, परिघ, परिक्रमा या शब्दांत ‘परि’ म्हणजे सभोवार. देवाची मूर्ती समोरून पाहिल्यावरही आपण प्रदक्षिणा घालतो. तद्वत् अर्थाला सर्व बाजूंनी प्रदक्षिणा घालून विचारलेला, अवघड बाजू न टाळणारा प्रश्न, तो परिप्रश्न.

हा अर्थ मला कोशाने शिकविला असे म्हणणे खोटे होईल. तो एका विद्यार्थ्याने शिकविला, आणि तोही माझ्या अपराधाच्या मार्गाने. ती हकीकत सांगणे मला प्रिय नाही, तरी सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका पाठशाळेत गीता शिकवीत असे. अठरावा अध्याय चालला होता. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, वर्गात एरवी शांत असणारा, उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, भगवान आधी सांगतात की तू लढणार नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. आणि तीन श्लोकांनंतर म्हणतात, विचार करून तुला हवे तसे कर. जर स्वभाव ओढूनच नेणार, तर ‘हवे तसे कर’ याला काय अर्थ राहिला?”

मी दोन क्षण स्तब्ध झालो. मला उत्तर येत नव्हते. इतकी वर्षे हे श्लोक मी मुखोद्गत म्हणत होतो, पण त्यांच्यातला हा ताण माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. त्या वेळी ‘बाळ, मला ठाऊक नाही, आपण दोघे शोधू’ एवढे म्हटले असते तर माझे काय बिघडणार होते? परंतु समोर तीस मुले बसली होती. मी म्हणालो, “आधी पाठांतर नीट कर, मग भगवंतांच्या चुका काढ.” वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्याकडे शिकला. पाठांतर उत्तम केले, परीक्षेत वरचा क्रमांक मिळविला, येताजाता पायांना हात लावून नमस्कारही करी. प्रश्न मात्र त्याने पुन्हा कधी विचारला नाही. प्रणिपात राहिला, सेवा राहिली. त्यांच्या मधला प्राण मी माझ्या हाताने काढून घेतला होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो आदर्श शिष्य दिसत असेल. मला ठाऊक होते की त्याच्या लेखी मी गुरु उरलो नव्हतो.

मला लाज अधिक वाटली ती याकरिता, की माझे स्वतःचे गुरुजी तसे नव्हते. आम्ही त्यांच्यापुढे बसून ग्रंथ लावीत असू. एके दिवशी एका विद्यार्थ्याने शंका काढली आणि गुरुजींनी तिचे समाधान केले. दुसऱ्या दिवशी पाठ सुरू होण्यापूर्वीच ते म्हणाले, “काल मी पंक्ती चुकीची लावली. याची शंका बरोबर होती. रात्री पाहिले.” इतके बोलून त्यांनी पोथी उघडली. त्या दिवसापासून त्यांच्याविषयीचा आमचा आदर कमी झाला काय? उलट, ते जे सांगतील त्यावर डोळे मिटून विसंबावे, असा विश्वास त्या एका वाक्याने निर्माण केला. आपली चूक लपविणाऱ्या गुरूचे बरोबर असलेले बोलणेही संशयास्पद होते. चूक कबूल करणाऱ्याचे तसे होत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे शोधले. तिसऱ्या अध्यायावरील शांकरभाष्य वाचताना दिसले, की आचार्यांनी हीच शंका स्वतःच उपस्थित केली आहे. सर्व प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणेच वागत असतील तर पुरुषप्रयत्नाला वाव कोठे, आणि मग शास्त्र तरी व्यर्थ नव्हे काय? आचार्य ही शंका टाळीत नाहीत. उत्तर देतात, की प्रकृती माणसाला रागद्वेषांच्या द्वारेच ओढते, म्हणून जो आरंभीच रागद्वेषांच्या अधीन होत नाही त्याला शास्त्राचा मार्ग मोकळा आहे. ज्या शंकेवर मी मुलाला हसविले गेले असे केले, तिला प्रत्यक्ष भाष्यकारांनी आपल्या ग्रंथात मानाचे आसन दिले होते! आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष मांडण्याची जी रीत आहे, तिचे मर्म हेच. विरोधी प्रश्न शक्य तितक्या बळकटपणे मांडावा, आणि मग सिद्धांताकडे वळावे.

अठराव्या अध्यायातील त्या स्थळाचाही अर्थ मग मला याच उजेडात लागला. अहंकाराचा आश्रय करून, विचार न करता ‘लढणार नाही’ म्हणणाऱ्याला स्वभाव फरफटत नेतो. पण ‘हवे तसे कर’ म्हणण्यापूर्वी भगवंत एक अट घालतात : सांगितलेल्या सर्वाचा संपूर्ण विचार कर. ओढून नेणारा स्वभाव आणि हातून घडणारे कर्म यांच्यामध्ये विचाराची जी जागा आहे, तीच माणसाच्या स्वातंत्र्याची जागा. गुरूचे सारे कार्य ती जागा शिष्याच्या ठायी मोकळी करण्याचे आहे; आपला निर्णय तिथे कोंबण्याचे नव्हे. साक्षात् भगवंत, ज्यांना अर्जुनाने काय करावे हे पूर्ण ठाऊक होते, तेही निर्णय त्याच्या हाती सोपवितात. मग आपण शिक्षकांनी वा पालकांनी मुलांच्या मनावर मालकी कोणत्या अधिकाराने सांगावी?

आणि तरीही ते त्याला वाऱ्यावर सोडीत नाहीत. उपदेशाच्या शेवटी तेच अर्जुनाला विचारतात : तू एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? या ठिकाणी शंकराचार्य म्हणतात की यातून आचार्याचा धर्म दाखविला आहे. शिष्याला अर्थ कळला की नाही हे गुरूने जाणून घ्यावे, आणि कळला नसेल तर दुसऱ्या उपायाने यत्न करून त्याला कृतार्थ करावे. म्हणजे विद्यार्थ्याला समजले नाही याचे पहिले उत्तरदायित्व शिकविणाऱ्यावर आहे. ‘याच्या डोक्यात काही शिरतच नाही’ हे आपले नेहमीचे वाक्य या भाष्यापुढे उभे राहू शकत नाही.

विद्यार्थ्याचेही कर्तव्य आहेच. प्रत्येक प्रश्न हा परिप्रश्न नव्हे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि केवळ दुसऱ्याचे खोडून काढण्यासाठी होते ती वितंडा. यांपैकी वाद हाच गुरु-शिष्यांमध्ये शोभतो, आणि विभूतियोगात भगवंत ‘वाद’ ही आपली विभूती म्हणून सांगतात. अर्जुनाचे प्रश्न कधी तक्रारीसारखे आहेत. तिसऱ्या अध्यायारंभी तो म्हणतो की तुमच्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते आहे. चौथ्यात तो विचारतो की विवस्वान तुमच्या कितीतरी आधीचा; त्याला तुम्ही योग सांगितला हे मी कसे समजावे? शब्द तिखट आहेत, पण पाठीमागे जाणण्याची तळमळ आहे. म्हणून प्रत्येक वेळी उत्तर मिळाले. तळमळ असली म्हणजे भाषेतला काठिण्यदोष गुरु पोटात घालतो. तळमळ नसली तर गोड शब्दांनीही विद्या हाती लागत नाही.

प्रश्नोपनिषदात या नात्याचे फार सुंदर दर्शन आहे. सहा जिज्ञासू समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. त्यांत एक विदर्भातील भार्गवही आहे. ऋषी त्यांना सांगतात, की वर्षभर तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांनी राहा, मग इच्छेप्रमाणे प्रश्न विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सर्व सांगू. ‘ठाऊक असेल तर’ या शब्दांत केवढे गुरुत्व आहे! त्या सहांपैकी सुकेशा याची कथा त्याहून हृद्य. कोसल देशाच्या राजपुत्राने त्याला षोडशकल पुरुषाविषयी विचारले होते. सुकेशाने स्पष्ट सांगितले की मला हे ठाऊक नाही. ठाऊक असते तर का सांगितले नसते? असत्य बोलणारा मुळासकट सुकून जातो. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. तोच प्रश्न हृदयात घेऊन सुकेशा पिप्पलादांच्या पायांशी आला. ‘मला ठाऊक नाही’ असे जो म्हणू शकला, तोच पुढे जाणू शकला.

गृहस्थाश्रमी वाचकांस हा विषय पाठशाळेपुरता वाटू नये. मुलाचे पहिले गुरु घरातच असतात. संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर नातू विचारतो, “आजी, देव सगळीकडे आहे तर देवळात का जायचे?” त्या वेळी ‘देवाबद्दल असे बोलू नये’ म्हणून त्याला गप्प करणे सोपे असते. आज माहिती हवी तर हातातल्या यंत्रावर क्षणात मिळते. पण आपल्या प्रश्नाला कोणी हसणार नाही, आपल्याबरोबर बसून कोणी विचार करील, हा विश्वास यंत्रातून मिळत नाही. तो माणसानेच माणसाला द्यावयाचा असतो. दिवसाकाठी मुलाचा एक तरी प्रश्न शेवटपर्यंत ऐकावा, आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. एवढे व्रत प्रत्येक घराला पेलण्यासारखे आहे.

तो विद्यार्थी आता तिशीच्या उंबरठ्यावर असेल. कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडून राहिले आहे, आणि हे ऋण इतर विद्यार्थ्यांना शिकवून पुरते फिटत नाही. आता वर्गात एखादा मुलगा अवघड शंका काढतो, तेव्हा मी प्रथम पोथी मिटतो व त्याच्याकडे पाहतो. ज्या परमगुरूने हट्टी शिष्याकडे हसून पाहिले, त्याच्या त्या हास्याचा अंश आम्हां शिकविणाऱ्यांच्या मुखी यावा, आणि शिकणाऱ्यांच्या अंतरी अर्जुनाची तळमळ जागी राहावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.