७२२ सामने, १८ गोल

सर्जियो बुस्केट्स बार्सिलोनाकडून ७२२ सामने खेळला आणि त्यांत त्याने १८ गोल केले. साधारण चाळीस सामन्यांमागे एक. स्पेनकडून १४३ सामने, गोल २. चार वर्षांतून एकदा विश्वचषकापुरता फुटबॉल पाहणाऱ्या माणसासमोर हे आकडे ठेवले, तर तो म्हणेल, असेल खोगीरभरतीतला कोणीतरी. या माणसाच्या नावावर एक विश्वचषक, एक युरो, तीन चॅम्पियन्स लीग आणि स्पॅनिश लीगची नऊ विजेतेपदं आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये इंटर मियामीबरोबर अमेरिकेतल्या लीगचा अंतिम सामना जिंकून वयाच्या ३७ व्या वर्षी तो निवृत्त झाला.

२०१० च्या बॅलन डी'ऑर पुरस्कारासाठी अंतिम तिघांत मेस्सी, इनिएस्ता आणि शावी होते. तिघेही ला मासिया या बार्सिलोनाच्या अकादमीत घडलेले. त्या तिघांच्या मागे दहा-पंधरा पावलांवर राहून चौथा गडी जे करत होता, ते मोजायला त्या पुरस्काराकडे मापच नव्हतं. हा लेख त्या चौथ्याविषयी आहे. पण ‘उपेक्षित नायक’ म्हणून त्याची आरती ओवाळावी, एवढ्यासाठी तो लिहिलेला नाही. अशा आरत्या पुष्कळ झाल्या. त्याच्या कारकिर्दीकडे सलग पाहिलं की एक अवघड प्रश्न समोर येतो: गुण माणसाच्या अंगात असतो, की त्याच्याभोवतीच्या मांडणीत?

बुस्केट्सचा जन्म १६ जुलै १९८८ चा, साबादेलमधला. तो वाढला शेजारच्या बादिया देल वायेसमध्ये. पोटापाण्यासाठी स्पेनच्या कानाकोपऱ्यांतून बार्सिलोनाच्या परिसरात आलेल्या कामगारांची ही वसाहत १९७० च्या दशकात उभी राहिली. तिच्या रस्त्यांची आखणी वरून पाहिली तर स्पेन-पोर्तुगालच्या नकाशासारखी दिसते. वडील कार्लेस हे योहान क्रायफ प्रशिक्षक असतानाचे बार्सिलोनाचे गोलरक्षक. लांब पँट घालून खेळायचे आणि गोल सोडून पुढे येत पायाने चेंडू खेळवायचे. ते धाडस कधी कधी अंगाशीही यायचं. भीती वाटेल अशा जागी चेंडू शांतपणे पायाशी ठेवायचा, हा धडा मुलाला घरातच मिळाला असणार.

हा मुलगा बार्सिलोनाच्या युवा संघात आला तो २००५ मध्ये, सतराव्या वर्षी. कोवळ्या वयातच मुलं निवडणाऱ्या अकादमीच्या हिशोबाने हा उशीरच. दोन वर्षांनी पेप ग्वार्दिओलाकडे बार्सिलोनाचा ब संघ सोपवण्यात आला, तेव्हा तो संघ चौथ्या श्रेणीत घसरला होता. ग्वार्दिओला स्वतः याच जागेवर, बचावफळीच्या पुढ्यात खेळून मोठा झालेला. २००८ मध्ये मुख्य संघ हाती येताच त्याने ब संघातल्या या उंच, हडकुळ्या पोराला बरोबर नेलं. १३ सप्टेंबर २००८ रोजी रासिंग सांतांदेरविरुद्ध बुस्केट्सने लीगमध्ये पदार्पण केलं. मे २००९ मध्ये, रोमला मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तो पहिल्या अकरांत होता, आणि त्या जागेचा मातब्बर मालक याया तुरे त्या दिवशी बचावात खेळत होता. पुढच्या वर्षी तुरे मँचेस्टर सिटीला गेला. जुलै २०१० मध्ये बुस्केट्स जगज्जेता झाला. चौथ्या श्रेणीपासून तिथवर पोचायला त्याला जेमतेम दोन वर्षं लागली.

तो नेमकं करायचा काय? एक नेहमीचा प्रसंग घेऊ. चेंडू मध्यबचावपटू पिकेच्या पायात आहे. बुस्केट्स त्याच्यापुढे वीसेक पावलांवर, प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे पाठ करून उभा. चेंडू यायच्या आधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, मग डाव्या. पास निघतो तशी प्रतिस्पर्ध्यांपैकी दोघं त्याच्यावर धावून येतात. पाठमोरा गडी सापडला म्हणून. तो अंग डावीकडे झुकवतो, चेंडू तिकडे नेणार असं भासवतो. पहिला फसतो आणि पुढे निघून जातो. तेवढ्यात पायाच्या तळव्याने ओढलेला चेंडू उजवीकडे मोकळ्या असलेल्या शावीकडे गेलेला असतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. टाळ्या पडत नाहीत, कारण झालं काय हेच कळलेलं नसतं. पण प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू चेंडूच्या मागे राहिलेत आणि शावीला मान वर करून पाहायला उसंत मिळाली आहे. तिथून चेंडू इनिएस्ताकडे, इनिएस्ताकडून मेस्सीकडे. रात्री टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या क्षणचित्रांची सुरुवात होते ती इथून पुढे.

दुसरं काम चेंडू गमावल्यानंतरचं. प्रतिस्पर्धी घाईघाईने चेंडू जिथे टोलवणार, तिथे हा आधीच हजर. पायांत वेग नव्हता, म्हणून त्याने जागा आधी ओळखायची सवय लावून घेतली. तिसरं काम मांडणीचं. दानी आल्वेससारखे बाजूचे बचावपटू पुढे सरकले की बुस्केट्स मागे येऊन दोन मध्यबचावपटूंच्या मधोमध उभा राहायचा. दोघांचे तिघे व्हायचे आणि पुढच्यांना मोकळेपणाने हल्ला चढवता यायचा. २००६ च्या विश्वचषकात रिकार्दो ला व्होल्पे या अर्जेंटिनी प्रशिक्षकाच्या मेक्सिको संघाने ही चाल खेळली होती आणि ग्वार्दिओलाला ती भावली होती.

नळाला पाणी आलं की ते कोणी सोडलं हे कोणी विचारत नाही. आलं नाही की सगळी चाळ विचारते. बुस्केट्सचं काम या जातीचं होतं. न झालेल्या गोलांचा फलक लागत नाही.

असं काम दिसायला पाहणारा तसा लागतो. १६ जून २०१० रोजी विश्वचषकातल्या पहिल्या सामन्यात डर्बनला स्वित्झर्लंडने स्पेनला १-० ने हरवलं आणि स्पेनमध्ये हलकल्लोळ झाला. शाबी अलोन्सो असताना त्याच्या जोडीला बुस्केट्स कशाला, एक बचावात्मक खेळाडू कमी करा, असा सूर निघाला. प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्क यांनी दोघांनाही ठेवलं. सामना पाहत राहिलात तर बुस्केट्स दिसत नाही, पण बुस्केट्सकडे पाहत राहिलात तर सगळा सामना दिसतो, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य पुढे गाजलं. त्यानंतर स्पेनने उरलेले सहाही सामने जिंकले. बाद फेरीतले चारही १-० ने, एकही गोल न स्वीकारता. अंतिम सामन्यात अलोन्सोला बाहेर घेतल्यावर ती जागा बुस्केट्सने एकट्याने सांभाळली, थेट १२० व्या मिनिटापर्यंत.

गंमत अशी की त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा ‘न दिसणारा’ माणूस साऱ्या जगाला दिसला होता. इंटर मिलानविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्यात थियागो मोत्ताचा हात चेहऱ्याला लागताच बुस्केट्स तोंड धरून कोसळला, आणि लाल कार्ड निघतंय का हे बोटांच्या फटीतून बघताना कॅमेऱ्यात सापडला. मोत्ता बाहेर गेला, तरी बार्सिलोना स्पर्धेबाहेर गेलीच. त्याचे हजारो बिनचूक पास ज्यांनी कधी पाहिले नाहीत, त्यांनीही हे दृश्य पाहिलं. ते लबाडीचंच होतं, त्याची तरफदारी करण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. २०१५ मध्ये शावी बार्सिलोनातून गेला, २०१८ मध्ये इनिएस्ता. पुढचे खेळाडू चेंडू गेल्यावर धावून तो परत मिळवेनासे झाले, फळ्यांमधलं अंतर वाढलं. चॅम्पियन्स लीगमध्ये २०१८ साली रोमला ०-३, २०१९ मध्ये लिव्हरपूलला ०-४, आणि ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बनला बायर्नकडून २-८. बुस्केट्स संपला, त्याचे पाय गेले, असं सगळीकडे छापून आलं. पाय त्याला कधी नव्हतेच. पूर्वी त्याला जेवढी जागा राखावी लागायची, ती आता दुप्पट झाली होती.

याचा पडताळा २०२१ मध्ये मिळाला. कोविडमुळे युरोच्या पहिल्या दोन सामन्यांना तो मुकला. स्पेनने स्वीडन आणि पोलंडशी बरोबरी केली. तो परतला आणि स्लोव्हाकियाचा ५-० ने धुव्वा उडाला. सामन्याचा मानकरी बुस्केट्स. ऑक्टोबरमध्ये नेशन्स लीगच्या अंतिम टप्प्यात स्पेन फ्रान्सकडून हरला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडण्यात आलं, ३३ व्या वर्षी. त्याच शरद ऋतूत तोच माणूस बार्सिलोनाकडून खेळताना बायर्न आणि बेन्फिकाकडून ०-३ ने मार खात होता. पाय तेच, डोकं तेच, महिनेही तेच. प्रशिक्षक लुइस एन्रिकेच्या स्पेनमध्ये पुढचे सगळे एकत्र दाब आणत होते. बार्सिलोनात ते फारसं उरलं नव्हतं.

म्हणजे सगळी किमया मांडणीचीच? तसंही नाही. २०२३ मध्ये लीग जिंकून तो बार्सिलोनातून बाहेर पडला, आणि त्याच्या जागी आणलेला खेळाडू वर्षभरात दुसऱ्या क्लबला उसना द्यावा लागला. मांडणी होती, माणूस नव्हता. उलट बाजू कतारमध्ये दिसली. डिसेंबर २०२२, विश्वचषकात मोरोक्कोविरुद्ध पेनल्टी शूटआउट. तिथे शेजारी कोणी नसतं, जागा हेरण्याला अर्थ नसतो. फक्त चेंडू, गोलरक्षक आणि तुम्ही. साराबिया, सोलेर आणि कर्णधार बुस्केट्स, तिघेही चुकले. स्पेनकडून तो त्याचा शेवटचा सामना ठरला. एकाकी करून पाहिलं तर हा माणूस सामान्य होता; दहा जणांमध्ये ठेवला तर त्या दहांची किंमत वाढवणारा होता.

ही मांडणी आपल्या किनाऱ्यालाही लागली आहे. बार्सिलोनाच्या प्रशिक्षकांत काही काळ काम केलेला सर्जियो लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाकडे आला, आणि बार्सिलोनाच्या ब संघातून खेळलेला सांतांदेरचा एदू बेदिया मधल्या फळीत सहा मोसम राहिला. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याला पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने हेडरने केलेला गोल हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल. नोंद त्या गोलाची राहिली. संघाची लय राखण्याचं त्याचं रोजचं काम स्टेडियमात येणाऱ्यांनाच ठाऊक.

२०२४ मध्ये बॅलन डी'ऑर मिळाला तो बुस्केट्सच्याच जागेवर खेळणाऱ्या स्पेनच्या रॉद्रीला. न्याय झाला, असं अनेकांनी म्हटलं. मला तो अर्धाच वाटतो. २०२३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातला एकमेव गोल रॉद्रीचा होता. त्याचं काम फलकावरही चढलं होतं. त्याची खरी किंमत कळली ती पुरस्काराच्या महिनाभर आधी गुडघा दुखावून तो बाहेर बसल्यावर. सलग चार वर्षं लीग जिंकणारी मँचेस्टर सिटी त्या मोसमात कोसळली.

पडद्यामागच्या माणसांचे सत्कार करून हा प्रश्न सुटत नाही. सत्कार निवृत्तीनंतर होतात, निवड आधी व्हावी लागते. चौथ्या श्रेणीतल्या एका संथ मुलाकडे पाहून ग्वार्दिओलाला जे कळलं, आणि पहिला सामना हरल्यावरही देल बोस्क ज्यावर ठाम राहिले, ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. बुस्केट्सच्या यशात निम्मा वाटा त्याच्या निवडकर्त्यांचा आहे. ज्या संघाला, कचेरीला किंवा संस्थेला असे निवडणारे नेमता येत नाहीत, तिने आपल्याकडे चांगली माणसं नाहीत अशी तक्रार करू नये.