हिवाळ्यापूर्वी

शास्त्रपाठ : 2 तीमथ्य 4:9-21



आमच्या मंडळीतील एका बंधूंनी सैन्याच्या नोकरीत कित्येक वर्षे लडाखमध्ये डिझेलचा ट्रक चालवला. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही त्यांना सहज विचारले, “तिकडच्या थंडीत गाडी बंद का पडते हो?” ते म्हणाले, “टाकी रिकामी असते म्हणून नव्हे. टाकी भरलेलीच असते, पण डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही.”

डिझेलमध्ये मुळातच मेण असते. उबेत ते विरघळलेले राहते, डोळ्यांना दिसत नाही. लेहला हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली 15-20 अंश उतरतो, तेव्हा हेच मेण गोठून फिल्टरमध्ये अडकते. म्हणून चालक आधीच तयारीला लागतात. बर्फ होताना पाणी फुगते व इंजिन तडकते, म्हणून रेडिएटरात नुसते पाणी न ठेवता कूलंट घालतात. थंडीत घट्ट न होणारे ऑईल भरतात, बॅटरी तपासतात, टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकतात. पूर्वी डिझेलात रॉकेल मिसळीत. 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल पानिपतच्या रिफायनरीतून लडाखला जाऊ लागले.

ते बंधू शेवटी म्हणाले, “मेण धरू नये म्हणून जे औषध डिझेलात घालतात, ते आधीच घालावे लागते. एकदा मेण धरले की त्याचा उपयोग नाही. मग टाकी शेकत बसावे लागते.”

हे ऐकून आम्हाला पौलाचे पत्र आठवले. पौल रोममध्ये बंदीत आहे आणि हिवाळा तोंडावर आला आहे. त्रोवसात राहिलेला झगा तो मागवतो. ही शरीराची तयारी झाली. पण त्याच पत्रात तो मार्कालाही बोलावतो, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे असे लिहितो. हा मार्क कोण? पंफुल्यात अर्ध्या वाटेवरून सोडून गेलेला. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये 15:37-39). न्यायसभेत ज्यांनी पौलाची साथ सोडली, त्यांच्याकडे तो दोष मोजला जाऊ नये अशीही त्याची इच्छा आहे. आलेक्सांद्र तांबटाने केलेले वाईट तो लपवीत नाही. मात्र तो हिशेब प्रभूच्या हाती सोपवतो. हिवाळ्यापूर्वी पौलाने अंतःकरणात मेण राहू दिले नाही.

आणि आपण? आपल्या टाक्या भरलेल्या आहेत. बाप्तिस्मा झाला, वचने पाठ आहेत, शब्बाथशाळेत आपण मुलांना शिकवतो. परंतु घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे. सुखाच्या दिवसांत ते कोणाला दिसत नाही. आजार येतो, घरात मृत्यू होतो, आणि मग प्रार्थना करू म्हटले तरी आतून काही वाहत नाही.

यात आमचाही दोष आहे. मंडळीच्या एका वडिलांशी नाताळच्या खर्चावरून आमचा खटका उडाला होता. प्रत्येक प्रभुभोजनापूर्वी वाटे, त्यांच्याकडे जाऊन यावे. आणि प्रत्येक वेळी आम्ही ते पुढे ढकलले. शेवटी गेलो ते इस्पितळात. ते कोणाला ओळखत नव्हते. आम्ही त्यांचा हात हाती घेऊन क्षमा मागितली. देवाने ती दिली, असा आमचा विश्वास आहे. पण त्यांच्या तोंडून ती ऐकण्याची वेळ टळून गेली होती.

हे मेण आपल्या बळाने विरघळत नाही. ज्याने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्या ख्रिस्ताची प्रीती आत मिसळावी लागते, आणि ती आज मिसळावी लागते. तुमचा मार्क कोण आहे? त्याला पत्र लिहा, फोन करा, शक्य तर त्याच्या घरी जा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आधी स्वतः जावे, मग हा धडा मुलांना द्यावा.

हे प्रभो, थंडी येण्याआधी आम्हाला आमच्या भावाच्या दारी ने. आमेन.