कराचे ऋण आणि हिशेबाचा धर्म

अर्थसंकल्पीय अधिवेशन आटोपून मतदारसंघात परतलेला आमदार जेव्हा कोणता कर वाढला, एसटीसाठी किती तरतूद झाली आणि राज्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे हे मतदारांना सांगतो, तेव्हा त्या सांगण्याकडे सौजन्य म्हणून पाहावे, प्रचार म्हणून पाहावे, की ज्यावाचून करवसुली नैतिकदृष्ट्या अपुरी राहते असे कर्तव्य म्हणून पाहावे, हा प्रश्न वरवर राजकारणाचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. धर्म हा शब्द येथे समाजाला धारण करणारे कर्तव्य या जुन्या अर्थाने घेतला आहे.

या प्रश्नाची उकल कर आणि दान यांतील भेदापासून करावी लागते. दान स्वेच्छेने दिले जाते आणि त्याचे पुण्य दात्याच्या पदरी पडते. कर मात्र कायद्याच्या बळावर घेतला जातो, आणि देणाऱ्याची त्या क्षणीची इच्छा विचारली जात नाही. म्हणूनच भारतीय संविधानाच्या २६५व्या अनुच्छेदाने कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर लावण्यास वा वसूल करण्यास मनाई केली आहे. प्राचीन धर्मशास्त्रकारांनीही राजाला मिळणारा षड्भाग, म्हणजे उत्पन्नाचा सहावा हिस्सा, हे प्रजारक्षणाबद्दलचे वेतन मानले, आणि रक्षण न करता तो घेणाऱ्या राजाला पापाचा वाटेकरी ठरवले. वैदिक परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली असून शतपथ ब्राह्मणात त्यांना मनुष्यऋणाची जोड दिलेली आढळते. ज्यांच्या श्रमावर आपले जगणे उभे आहे त्या माणसांचे देणे, असा त्याचा व्यापक अर्थ लावला, तर कर म्हणजे या चौथ्या ऋणाची फेड ठरते. ऋण फेडणाऱ्याला आपली रक्कम योग्य ठिकाणी पोहोचली की नाही हे विचारण्याचा हक्क असतो, आणि मधल्या हाताला ते सांगणे भाग असते.

हिशेबाचे हे बंधन आपल्या परंपरेला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कामकाजाचे वर्ष आषाढात संपते, त्या वेळी अधिकाऱ्यांनी जमाखर्चाच्या वह्या घेऊन हजर व्हावे आणि महामात्रांनी आपापल्या खात्याचा हिशेब ऐकवावा, असे विधान आहे. राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकारही त्याने नोंदवून ठेवले आहेत. मात्र तेथे हिशेब ऐकणारा राजा होता. लोकशाहीत राजाच्या जागी नागरिक आला, तेव्हा ऐकणारा बदलला, ऐकवण्याचे बंधन मात्र तसेच राहिले. विधानसभेत अनुदानाच्या मागण्या मंजूर होतात, राज्याच्या एकत्रित निधीतून पैसे काढण्यासाठी विनियोजन विधेयक संमत होते, आणि पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालावर लोकलेखा समिती विचार करते. ही साखळी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण असली, तरी तिचे शेवटचे टोक मतदाराच्या हाती येईपर्यंत धर्माच्या दृष्टीने ती अपुरीच राहते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याने ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांपुढे असा विचार मांडला, की प्रतिनिधी हा मतदारांचा केवळ निरोप्या नसून आपली विवेकबुद्धी वापरणे हेच त्याचे त्यांच्याप्रती कर्तव्य आहे. हा विचार मानला, तर प्रत्येक निर्णयाचा जाब मतदाराला का द्यावा, असे कोणी विचारील. परंतु विवेकाने वागण्याचे स्वातंत्र्य ज्याला असते त्याला विश्वस्त म्हणतात, आणि विश्वस्ताचे स्वातंत्र्य हिशेबाच्या बंधनासहच येते. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानाच्या विश्वस्तांनाही हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक केले आहे. देवापुढे ठेवलेल्या रुपयाचा हिशेब माणसांना द्यावा लागत असेल, तर माणसांकडून सक्तीने घेतलेल्या रुपयाचा तो द्यावाच लागणार.

खरा हिशेब केवळ आकड्यांची बेरीज नसतो. कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले, हे त्यातून उमगावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले आणि त्याच वर्षी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दाखवून दिले, की प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या खाली लागत नाही, पण शेतसारा मात्र अल्पभूधारक शेतकऱ्यालाही चुकत नाही, आणि लहानमोठ्या खातेदारांकडून तो सारख्याच दराने घेतला जातो. ज्यांनी त्यांना निवडून दिले नव्हते, ज्यांपैकी बहुतेकांना मताधिकारही नव्हता, त्यांच्या वतीने त्यांनी हा हिशेब मांडला. प्रतिनिधित्वाचा धर्म मतांच्या मोजणीत संपत नाही, याचा हा लख्ख दाखला आहे.

महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. ठराविक मर्यादेवरील पगार असलेल्या नोकरदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात दिसते. वर्षाची बेरीज २,५०० रुपये होते, आणि संविधानाच्या २७६व्या अनुच्छेदाने घालून दिलेली कमाल मर्यादाही तीच आहे. हा कर १९७५ पासून रोजगार हमी योजनेला बळ देण्यासाठी लावण्यात आला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर शासनाने घालावी, अशी तरतूद झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली ही योजना १९७७ मध्ये कायद्यात बांधली गेली. शहरातील कारकुनाच्या पगारातून निघालेले २०० रुपये दुष्काळी गावात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या मजुराच्या रोजीत उतरतात, ही मनुष्यऋणाची साक्षात फेड आहे. परंतु हे त्या कारकुनाला कोणी सांगितले नाही, तर त्याच्या लेखी ती केवळ कपात राहते, आणि समाजाला जोडणारा एक धागा न दिसताच तुटतो.

एसटीच्या तिकिटाचेही तसेच आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. ही सवलत न्याय्य आहे, कारण बाजाराला, दवाखान्याला वा शाळेला जाण्याचे स्वातंत्र्य पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत भाड्याच्या रकमेपाशीच अडत होते. मात्र महिलांच्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग शासन एसटी महामंडळाला भरून देते, म्हणजेच तो सर्व नागरिक मिळून देतात, आणि त्यांत ज्या वस्तीपर्यंत एसटीची फेरी अजून पोहोचलेलीच नाही तेथील माणूसही असतो. आमदाराने सवलतीबरोबर हेही सांगितले पाहिजे. बसथांब्याच्या पत्र्याच्या निवाऱ्यावर आमदाराचे नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘यांच्या सौजन्याने’ असे रंगवलेले असते, तेव्हा करातून झालेल्या कामाला दानाचे रूप मिळते, देणारा याचक ठरतो आणि विश्वस्त दाता होतो. दान गुप्त ठेवण्यात पुण्य मानले गेले, परंतु कराचा खरा दाता झाकून ठेवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

हिशेबात आपल्या मर्यादाही आल्या पाहिजेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बहुतेक वस्तूंवरील कराचा दर ठरवणे एकट्या राज्याच्या हाती राहिले नाही. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. जे हाती नाही ते नाही म्हणून सांगणे, जे मागितले पण मिळाले नाही तेही सांगणे, आणि वाढलेले कर्ज उद्याच्या पिढीच्या नावावर चढते हे न लपवणे, यातच सत्यधर्म आहे.

कर घेणे हा राज्यव्यवहाराचा पूर्वार्ध आहे, आणि हिशेब सांगणे हा त्याचा उत्तरार्ध. जो प्रतिनिधी पहिल्यासाठी सभागृहात हात वर करतो, त्याने दुसऱ्यासाठी गावच्या चावडीवर उभे राहिलेच पाहिजे. आणि तो आला नाही, तर त्याला बोलावून हिशेब विचारणे हा नागरिकाचा धर्म आहे.