सभेंतील घंटा

चर्चेंत सभ्यता पाळली जावी, याविषयीं सुशिक्षितांत दुमत आढळणार नाहीं. दुमत होतें तें अध्यक्षांच्या घंटेविषयीं: ती केव्हां वाजवावी, आणि वाजविणाराचें मन त्या वेळीं कोणत्या बाजूस झुकलेलें असतें. महाविद्यालयीन वादसभांचें अध्यक्षपद आम्ही पुष्कळ वर्षें भूषविलें (भूषविलें हा शब्द शिष्टाचाराचा; वस्तुतः निभावून नेलें). ज्याचें म्हणणें आम्हांस पटत नसे त्या वक्त्याचा आवाज आम्हांस नेहमीं किंचित् अधिक कर्कश वाटे, हें कबूल केलें पाहिजे. एकदां एका विद्यार्थ्यानें खाणावळीच्या हिशेबास 'लबाडी' म्हटलें. 'भाषा आवरा' म्हणून आम्ही तत्काळ घंटा वाजविली. हिशेब खरोखरच खोटा होता, हें पुढल्या सत्रांत उघडकीस आलें. तो विद्यार्थी मात्र पुन्हां सभेस फिरकला नाहीं.

इ. स. १९०७ च्या डिसेंबरांत सुरतेस राष्ट्रीय सभा मोडली, त्या प्रसंगाची गोष्ट निघाली म्हणजे बहुतेकांस एक जोडा आठवतो. मंडपांतून भिरकावलेला तो जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या गालास लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. जोडा फेकणें असभ्य, हें ठरविण्यास नियमांचें पुस्तक उघडावें लागत नाहीं. आम्हांस त्या जोड्याहून एक चिठ्ठी अधिक विचार करावयास लावते. अध्यक्षांच्या निवडीच्या वेळीं सभा तहकूब करण्याविषयीं आपणांस बोलावयाचें आहे, अशी चिठ्ठी टिळकांनीं स्वागताध्यक्ष मालवी यांजकडे आगाऊ पाठविली होती. तिचें उत्तर आलें नाहीं. राशबिहारी घोष यांची निवड झाल्याचें जाहीर झालें; टिळक व्यासपीठावर चढले, तेव्हां हें नियमबाह्य आहे असें त्यांस सांगण्यांत आलें. नियमाच्या दृष्टीनें तें बरोबरही असेल. परंतु चिठ्ठीस उत्तर न देणारेच पुढें नियमावर बोट ठेवूं लागले, तर तो नियम ऐकणारांस एका पक्षाचा वाटूं लागतो. चिठ्ठी अनुत्तरित राहिली तेव्हां कोणाचा आवाज चढला नव्हता, कोणीं अपशब्द उच्चारला नव्हता. असभ्यतेच्या कोणत्याही व्याख्येंत तें बसत नाहीं.

यावरून नियमच नकोत, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. घंटा नसलेल्या सभांतही आम्ही बसलों आहों. पहिल्या अर्ध्या तासांत भिडस्त माणसें उठून जातात, मग ज्यांस विषयाचें खरें ज्ञान आहे ते. शेवटीं ज्यांचा गळा मोठा ते उरतात, आणि ठराव त्यांचा संमत होतो.

पण शब्दांच्या याद्या करून हें काम भागत नाहीं. लोकसभेचा ३८० वा नियम अध्यक्षांस असभ्य व असंसदीय शब्द कामकाजांतून वगळण्याचा अधिकार देतो. इ. स. २०२२ च्या जुलैंत अशा शब्दांचें संकलन निघालें, त्यांत 'भ्रष्ट' या अर्थाचा शब्दही होता. कोणत्याही शब्दास बंदी नाहीं, पूर्वीं वगळलेल्यांचें हें केवळ संकलन आहे, असा खुलासा अध्यक्षांनीं केला, तो योग्यच. 'भ्रष्ट' ही शिवी कीं आरोप, हें पुढील वाक्यांत पुरावा येतो कीं नाहीं यावर ठरतें. आणि तें वाक्य ऐकण्यापूर्वींच घंटा वाजली तर कधींच ठरत नाहीं. आमच्या खाणावळीच्या प्रकरणीं तसेंच झालें.

घंटा प्रथम आपल्या बाजूच्या माणसावर वाजवितां आली पाहिजे. विरुद्ध बाजूस तिचा नाद त्यानंतरच न्याय्य वाटेल. हें किती कठीण, तें आम्ही अनुभवानें जाणतों. सुरतेच्या त्या मंडपांत नेमस्त पक्षाचे लोक टिळकांवर धांवून आले, तेव्हां त्याच पक्षाचे गोखले आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशेजारीं उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनीं त्यांस अडविलें. तेथें हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज बातमीदारानें हें लिहून ठेविलें आहे. गोखल्यांच्या हातीं त्या दिवशीं घंटा नव्हती.